‘विजयी पक्ष’ या रकान्यापुढे आणखी चार रकाने हवेत

इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणारे, तपासणारे, मंजूर करणारे आणि त्यांवर प्रश्नपत्रिका काढणारे सर्व मान्यवर,

सविनय नमस्कार.

लढायांवरच्या धड्याच्या शेवटी एक तक्ता असतो. लढाईचं नाव, वर्ष, कोणाकोणात झाली आणि ‘विजयी पक्ष’. तक्ता संपला की प्रश्न सुरू होतात: जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, अमुक लढाईत कोणाचा विजय झाला ते एका शब्दात लिहा. आवृत्त्या बदलतात, चित्रं रंगीत होतात, नकाशे सुधारतात, पण हा तक्ता आहे तसाच राहतो. त्याबद्दल आता गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र.

आम्ही लढायांचा इतिहास शिकवणारी आणि अभ्यासणारी माणसं आहोत. आमचं बरंचसं काम याद्यांशी असतं. पलटणीत लढाईआधी किती माणसं हजर होती, दुसऱ्या दिवशी हजेरीला किती आली, घोडे किती मेले, दारूगोळा किती उरला. या याद्या वाचल्या की कळतं, ‘विजयी पक्ष’ या रकान्यातलं नाव अनेकदा बरोबर असतं आणि तरीही मुलांच्या मनात त्यातून जे उतरतं ते चुकीचं असतं. जिंकला त्याचं भलं झालं, हरला तो संपला, एवढंच घेऊन मुलं पुढच्या वर्गात येतात. त्यांतली काही पुढे गणवेश घालतात, काही अधिकारी होतात, आणि मतदार तर सगळीच होतात. त्यांना लढाईची किंमत विचारायला कोणी शिकवलेलंच नसतं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आधी शब्दाचं पाहू. लढाई कोण जिंकलं, हे ठरवायची जुनी रीत साधी आहे: संध्याकाळी मैदान ज्याच्या ताब्यात राहिलं, तो जिंकला. पण मैदान ताब्यात आलं की त्याचा बोजाही अंगावर येतो. मेलेल्यांना पुरायचं त्यानंच, दोन्ही बाजूंचे जखमी उचलायचे त्यानंच, कैद्यांवर पहाराही त्याचाच. एक जखमी लांब न्यायचा तर डोलीला निदान चार माणसं लागतात. चारशे जखमी असले तर हिशेब कुठवर जातो पाहा. हरलेला तोवर वाटेला लागलेला असतो.

आमची पहिली तक्रार पिऱ्हसबद्दल आहे. महागड्या विजयाला जगभर ज्याचं नाव दिलं जातं, तो एपिरसचा राजा पुस्तकात एका वाक्यापुरता येतो: ‘आणखी असा एक विजय मिळाला तर आपण संपलोच.’ वाक्य पाठ होतं. तो असं का म्हणाला, हे कुठेच येत नाही.

तो इ.स.पू. 280 मध्ये टॅरेंटम या ग्रीक शहराच्या बोलावण्यावरून इटलीत उतरला. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं दिलेली त्याच्या फौजेची यादी अशी: 20 हत्ती, 3,000 घोडेस्वार, 20,000 पायदळ, 2,000 तिरंदाज, 500 गोफणदार. हेराक्लिआला तो जिंकला. तिथे त्याचे किती पडले, यावर जुन्या लेखकांचं एकमत नाही. हिरॉनिमस 4,000 हून कमी सांगतो, डायोनिसियस 13,000. पुढच्या वर्षी ॲस्क्युलमला तो पुन्हा जिंकला. तिथे रोमनांचे 6,000 पडले आणि राजाच्या स्वतःच्या टिपणांप्रमाणे त्याचे 3,505. नुसते आकडे पाहिले तर सौदा त्याच्याच बाजूचा दिसतो.

कारणं प्लुटार्कनंच दिली आहेत. बरोबर आणलेल्या फौजेचा मोठा भाग गेला होता. जवळचे मित्र आणि सेनानी जवळजवळ सगळे पडले होते. घरून बोलवावं तर दुसरं कोणी नव्हतं. इटलीतले दोस्त थंड पडत चालले होते. आणि समोर रोमची छावणी घरातल्या कारंज्यासारखी पुन्हा पुन्हा भरत होती. त्या काळच्या रोमन जनगणनेत अडीच लाखांहून जास्त नागरिक मोजलेले आहेत. पिऱ्हसचा लांब भाल्याच्या दाट रांगेत उभा राहणारा शिपाई मात्र आधी घडवायचा आणि मग समुद्र ओलांडून आणायचा. रोमनांचे 6,000 भरून निघाले. त्याचे 3,505 निघाले नाहीत. हेराक्लिआनंतरच तहाची बोलणी करायला त्यानं आपला सल्लागार सिनिअस याला रोमला पाठवलं होतं, पण वृद्ध, अंध ॲपियस क्लॉडियसच्या भाषणानंतर सिनेटनं नकार दिला. इ.स.पू. 275 मध्ये बेनेव्हेंटमची लढाई झाली आणि तो परत फिरला. बरोबर उरले होते 8,000 पायदळ आणि 500 घोडेस्वार. मुलांना शिकवायची ती ही कारणं. त्यांच्याशिवाय ते वाक्य सुभाषित होऊन बसतं.

दुसरी तक्रार बेरजांबद्दल. जिथे नुकसानीचा आकडा छापलेला असतो तिथे तो एकटाच असतो. मूळ फौज किती होती हे नसतं, आणि मेलेले, जखमी, बेपत्ता सगळे एका आकड्यात कोंबलेले असतात. यानं किती दिशाभूल होते ते एका लढाईवरून दाखवतो.

15 मार्च 1781, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं, उत्तर कॅरोलिनातलं गिलफर्ड कोर्टहाउस. ब्रिटिशांकडून कॉर्नवॉलिस, जो पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. समोर अमेरिकनांचा ग्रीन. कॉर्नवॉलिसकडे सुमारे 1,900 माणसं, ग्रीनकडे चार हजारांहून जास्त. ग्रीन मागे हटला, मैदान ब्रिटिशांकडे राहिलं. ब्रिटिशांचे 93 मेले, 413 जखमी झाले, 26 बेपत्ता, एकूण 532. ग्रीनचे 79 मेले, 185 जखमी झाले आणि हजाराहून जास्त बेपत्ता. एकच बेरीज छापली तर ग्रीनचं नुकसान दुपटीहून जास्त दिसतं, आणि मुलगा म्हणणार, दणदणीत विजय.

आता रकाने वेगळे करा. ग्रीनच्या बेपत्तांपैकी बहुतेक मिलिशियावाले होते. शेतीवाडी सोडून थोड्या मुदतीसाठी आलेले हे लोक रांग मोडल्यावर आपापल्या घरी गेले. ते जिवंत होते आणि त्यांना पुन्हा बोलावता येणार होतं. कॉर्नवॉलिसचे 532 म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. त्याची माणसं मुरलेल्या पलटणींतली होती आणि बदली माणूस महासागरापलीकडून यायचा. त्यात ग्रीनचा वेगानं पाठलाग करता यावा म्हणून त्यानं जानेवारीतच आपलं बहुतेक सामान आणि गाड्या जाळून टाकल्या होत्या. लढाईच्या रात्री मुसळधार पाऊस पडला. तंबू नव्हते, पोटात अन्न नव्हतं. कित्येक जखमी उजाडेपर्यंत गेले. जे हलवण्यासारखे नव्हते त्यांना मागे ठेवून तो रसदीसाठी समुद्रकाठच्या विल्मिंग्टनकडे निघाला. तिथे पोहोचला तेव्हा त्याच्याकडे कामाची माणसं दीड हजारांच्या आसपास होती. कॅरोलिना हातात ठेवण्याइतकं बळ उरलं नव्हतं, म्हणून तो व्हर्जिनियाकडे वळला, आणि 19 ऑक्टोबर 1781 रोजी यॉर्कटाउनला त्यानं शस्त्रं खाली ठेवली. गिलफर्डची बातमी आली तेव्हा लंडनच्या संसदेत चार्ल्स जेम्स फॉक्सनं सांगितलं होतं की असा आणखी एक विजय ब्रिटिश फौजेचा नाश करील. त्यानं फक्त याद्या नीट वाचल्या होत्या.

प्रमाणाचं दुसरं उदाहरण थोडक्यात. अमेरिकेच्या यादवी युद्धात मे 1863 मध्ये चॅन्सेलर्सव्हिलला दक्षिणेचा सेनापती ली उत्तरेच्या हूकरविरुद्ध जिंकला. त्याचे सुमारे 13,000 कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले; हरलेल्या हूकरचे सुमारे 17,000. पण लीकडे मुळात साठ हजारांच्या आसपास माणसं होती आणि हूकरकडे एक लाख तीस हजारांच्या वर. एकाचे शेकडा बावीसच्या आसपास गेले, दुसऱ्याचे तेरा. हा भागाकार शाळेतल्या गणितात बसतो. इतिहासाच्या तासाला तो का करून घेऊ नये?

तिसरी तक्रार आम्हाला सगळ्यांत जास्त टोचते: किती गेले हे तरी कधीमधी येतं, कोण गेले हे येतच नाही.

26 ऑक्टोबर 1942 रोजी पॅसिफिकमध्ये सांताक्रूझ बेटांजवळ जपानी आणि अमेरिकी विमानवाहू नौकांची लढाई झाली. अमेरिकेची ‘हॉर्नेट’ बुडाली, ‘एंटरप्राइझ’ला बॉम्ब लागले, अमेरिकी ताफा मागे हटला. जपानची एकही विमानवाहू नौका बुडाली नाही. ‘शोकाकू’ आणि ‘झुइहो’ यांची मोडतोड झाली. तक्त्यात ‘विजयी: जपान’ असंच लिहावं लागेल. विमानं अमेरिकेची 81 गेली, जपानची 99. इथपर्यंतही फार अंतर नाही. पण त्या विमानांतली माणसं मोजा: अमेरिकेची 26, जपानची 148. जपानच्या 148 मध्ये डाइव्ह-बॉम्बर गटांचे दोन प्रमुख होते, टॉर्पेडो तुकड्यांचे तीन प्रमुख होते, आणि लहान पथकांचे अठरा नायक होते. लढाईत उतरलेल्या टॉर्पेडो विमानांच्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी त्या एका दिवसात गेली. चार महिन्यांपूर्वी मिडवेला जपाननं चार विमानवाहू नौका गमावल्या, आणि तरी तिथे विमानांतली 110 माणसं गेली होती. जिंकलेल्या सांताक्रूझला हरलेल्या मिडवेपेक्षा जास्त.

असं का झालं? टॉर्पेडो टाकायचा तर विमानाला पाण्यालगत, सरळ रेषेत, वेग आवरून जहाजाकडे जावं लागतं. त्या काही क्षणांत ते तोफांपुढे उघडं पडतं. अमेरिकी जहाजांवर तोवर 40 मिलिमीटरच्या नव्या विमानभेदी तोफा बसू लागल्या होत्या. दुसरं कारण खोलवरचं आहे. युद्धाआधी जपानी नौदल वैमानिक फार निवडून, फार थोडे आणि फार काळ शिकवून तयार करत असे. तयार झालेला माणूस लढाईतच ठेवला जाई. अमेरिका मुरलेल्या वैमानिकांना आळीपाळीनं मागे आणून नव्या पोरांना शिकवायला लावत असे. त्यामुळे तिचा एक माणूस गेला तरी त्यानं शिकवलेले मागे असत. जपानचा गेला की त्याच्याबरोबर विद्याही जाई. ‘झुइकाकू’ या जपानी नौकेला त्या लढाईत ओरखडाही उठला नव्हता, तरी तिला मायदेशी परतावं लागलं, कारण तिच्या डेकवरून उडायला शिकलेली माणसं पुरेशी उरली नव्हती. दोन्ही ताफ्यांच्या विमानवाहू नौका पुन्हा समोरासमोर आल्या त्या थेट जून 1944 मध्ये, फिलिपाइन समुद्रात. तोवर जपाननं भरलेल्या जागांवर कच्चे वैमानिक होते.

हे समजायला मराठी मुलाला अडचण येण्याचं काही कारण नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य तो पहिल्यापासून ऐकत आलेला असतो. 16 नोव्हेंबर 1632 रोजी ल्युट्झेनला स्वीडननं मैदान राखलं आणि राजा गुस्ताव्ह ॲडॉल्फ गमावला, हे त्याला त्याच वाक्याशेजारी ठेवून सांगता येतं. वर आलेल्या चॅन्सेलर्सव्हिललाही लीचा उजवा हात, जॅक्सन, अंधारात स्वतःच्याच शिपायांच्या गोळ्यांनी जखमी झाला आणि आठ दिवसांनी गेला. दोन महिन्यांत ली गेटिसबर्गला त्याच्याशिवाय लढला.

आणि पानिपतची ती सावकारी चिठ्ठी आठवा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. परंपरेनं ती वाचली जाते शोकाची म्हणून, आणि ती तशी आहेच. आमच्यासारख्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नुकसानीचा तो उत्तम तक्ता आहे: शिरस्थानी कोण गेलं, बिनीचे किती गेले, साधे शिपाई किती गेले, तीन रकाने वेगवेगळे. एवढी समज एका ओळीच्या चिठ्ठीत होती, ती आमच्या धड्यांत नाही.

पानिपतावरूनच चौथी तक्रार. धडा लढाईच्या संध्याकाळी संपतो. 14 जानेवारी 1761, विजयी: अहमदशाह अब्दाली, धडा समाप्त. मराठ्यांच्या हानीवर पानं असतात आणि ती असायलाच हवीत. त्या संहाराचं मोल इथे कोणालाही कमी करायचं नाही. पण जिंकलेल्याचं पुढे काय झालं? त्याची फौज 1759 च्या अखेरीपासून घराबाहेर होती. 1760 चा सबंध पावसाळा तिनं अनूपशहराजवळ काढला होता. पगार थकले होते. लढाई झाल्यावर शिपाई थकबाकी मागू लागले आणि घरची वाट मागू लागले. मार्चमध्ये अब्दाली दिल्ली सोडून निघाला. त्याच वर्षी शिखांनी लाहोर घेतलं. 1762 मध्ये त्याला पुन्हा यावं लागलं, नंतरही यावं लागलं, आणि तरी पंजाब त्याच्या मुठीत राहिला नाही. इकडे 1771 मध्ये मराठे दिल्लीत परतले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शाहआलम त्यांच्या बळावर राजधानीत आला. दहा वर्षांचा हा पट चार ओळींत मावतो. तो नसल्यामुळे मुलाला वाटतं, त्या दिवशी दिल्ली अब्दालीची झाली.

नेपोलियनच्या बाबतीत पुस्तकं थोडी बरी आहेत, पण तिथेही थंडीवर सगळं ढकललं जातं. 7 सप्टेंबर 1812 च्या बोरोदिनोनंतर मैदान त्याचं होतं आणि त्याची 30,000 च्या आसपास माणसं पडली होती. 14 सप्टेंबरला तो मॉस्कोत शिरला. 19 ऑक्टोबरला निघाला. मधले पस्तीस दिवस तो झारच्या तहाची वाट पाहत होता आणि तह आला नाही. घोडदळ आणि तोफा ओढणारी जनावरं थंडीच्या आधीच खंगत चालली होती. हरलेल्यानं ‘मी हरलो’ म्हणून सही केली तरच जिंकलेल्याला घरी जाता येतं. रोमच्या सिनेटनं पिऱ्हसला दिली नाही, झारनं नेपोलियनला दिली नाही.

कधी किंमत मैदानावर न दिसता मागे, घरच्या राजकारणात वसूल होते. 11 सप्टेंबर 1709 च्या मालप्लाकेला इंग्रज सेनापती मार्लबरो आणि त्याचा ऑस्ट्रियन जोडीदार युजीन फ्रेंचांविरुद्ध जिंकले, पण त्यांचं नुकसान फ्रेंचांच्या दुपटीच्या घरात होतं आणि डच पायदळाचा कणा मोडला. हरलेला फ्रेंच सेनापती व्हिलार यानं आपल्या राजाला कळवलं की अशी आणखी एक लढाई हरण्याची कृपा देवानं केली तर शत्रू संपलेच समजा. इंग्लंडात युद्धाचा कंटाळा वाढत गेला, आणि 1711 च्या अखेरीला मार्लबरोचं पद गेलं.

आता तक्रार उलट बाजूची, आणि ती आमच्याच क्षेत्रातल्या काही जणांनाही लागू आहे. नुकसान मोठं दिसलं की ‘पिऱ्हसी विजय’ असा शिक्का मारून मोकळं व्हायचं, हेही चूक आहे. 23 सप्टेंबर 1803 ची, इंग्रज आणि मराठे यांच्यातली असईची लढाई घ्या. जिंकलेला इंग्रज सेनापती वेलस्ली याचे 428 मेले, 1,138 जखमी झाले, 18 बेपत्ता, एकूण 1,584. प्रत्यक्ष लढलेल्या फौजेच्या एक तृतीयांशाच्या घरात. त्याच्या 74 व्या पलटणीतले पाचशेपैकी सुमारे चारशे त्या दिवशी पडले. एवढा लाभ झाला तरी तसं नुकसान पुन्हा पाहायला नको, असं त्यानं स्वतः नंतर लिहिलं. त्याचं घोडदळ इतकं थकलं होतं की लगेच पाठलाग झाला नाही. तरीही हा पिऱ्हसी विजय नव्हे. दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्सनची ताजी फौज येऊन मिळाली आणि पाठलाग तिनं उचलला. मराठ्यांच्या 98 तोफा आणि त्या चालवणारे शिकलेले गोलंदाज गेले होते. नोव्हेंबरच्या अखेरीला आडगाव, डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड, आणि डिसेंबर संपता संपता शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह. भरपाई झाली, सही मिळाली, पुढची लढाई लढता आली. ॲस्क्युलम आणि असई यांतला हा फरक मुलाला सांगता आला तर तो लढाई वाचायला शिकला असं आम्ही समजू.

एका लढाईतून दोन बाजूंनी दोन वेगळे धडे घेतल्याचंही एक उदाहरण हवं. मे 1941 मध्ये जर्मनांनी क्रीट बेट मुख्यतः हवाई छत्रीधारी सैनिकांच्या बळावर घेतलं. सुमारे 22,000 माणसांपैकी 4,000 च्या आसपास मेली किंवा बेपत्ता झाली, आणि माणसं वाहून नेणारी विमानं मोठ्या संख्येनं गेली. जर्मनीनं त्यानंतर एवढी मोठी छत्रीधारी मोहीम पुन्हा केली नाही. ब्रिटिश आणि अमेरिकनांनी तेच बेट पाहून स्वतःचं छत्रीधारी सैन्य वाढवलं. जिंकलेल्यानं हत्यार खाली ठेवलं आणि हरलेल्यानं उचललं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. लढायांच्या तक्त्यात ‘विजयी पक्ष’ राहू द्या, त्यापुढे चार रकाने जोडा. पहिला: लढाईआधी दोन्ही बाजूंची हजर माणसं. दुसरा: मेले, जखमी, बेपत्ता, तिन्ही वेगळे, आणि शेवटी एकूण शेकडा किती. तिसरा: कोण गेलं, म्हणजे सेनापती, सरदार, तुकड्यांचे प्रमुख, आणि सहज न मिळणारे कसबी लोक, मग ते गोलंदाज असोत की वैमानिक. चौथा: सहा महिन्यांनंतर दोन्ही फौजा कुठे होत्या. रकाने कसे भरायचे याचा नमुना म्हणून गिलफर्डच्या ब्रिटिश बाजूची ओळ देतो: हजर सुमारे 1,900, मेले 93, जखमी 413, बेपत्ता 26, शेकडा 28, गेलेले मुरलेल्या पलटणींतले, सहा महिन्यांनंतर यॉर्कटाउनला वेढ्याच्या तोंडावर. एवढ्याला पानाच्या दोन ओळी लागतात. जागा नाही, ही सबब पटण्यासारखी नाही.

2. ज्या लढाईचे भरवशाचे आकडे नाहीत तिथे रकाना रिकामा ठेवा आणि रिकामा का आहे ते लिहा. जिथे जुन्या लेखकांत फरक आहे तिथे दोन्ही आकडे नावांसह द्या, हेराक्लिआचे 4,000 आणि 13,000 द्यावेत तसे. गोल, भव्य, कुठून आला हे कोणाला माहीत नाही असा आकडा छापू नका.

3. ‘कोण जिंकले?’ या एका गुणाच्या प्रश्नाला जोडून एक प्रश्न सक्तीचा करा: ‘जिंकलेल्या पक्षाला पुढच्या सहा महिन्यांत काय करता आलं आणि काय करता आलं नाही?’ याला निदान तीन गुण द्या. गुण असल्याशिवाय वर्गात तो कोणी शिकवणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

4. ‘पिऱ्हसी विजय’ हा शब्द धड्यात वापराल तिथे तीन गोष्टी तपासून वापरा: गेलेल्या माणसांची भरपाई होऊ शकली का, हरलेल्यानं तह केला का, जिंकलेला पुढची लढाई लढू शकला का. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तरच शब्द वापरा. क्रीटसारख्या एखाददुसऱ्या वादग्रस्त उदाहरणावर वर्गात चर्चा होऊ द्या. तिथे एकच उत्तर बरोबर मानू नका.

5. जिंकलेल्या बाजूनं मेलेल्यांचा उल्लेख धड्यात करा. हरलेल्यांचे मृत शोकगीतांत येतात, जिंकलेल्यांचे जयघोषात हरवतात. गिलफर्डच्या पावसात रात्रभर तळमळून गेलेला शिपाई विजयी पक्षाचा होता. त्याचं नाव नाही मिळणार, पण तो होता एवढं पुस्तकात यावं.

6. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत निदान पाच लढायांचा असा पूर्ण हिशेब मांडून द्या. निवडताना एक तरी समुद्रावरची घ्या आणि एक तरी अशी घ्या जिथे महाग पडलेला विजय शेवटी फळाला आला.

हा बदल पुढच्या आवृत्तीपासून करणार की नाही, आणि नसेल तर का नाही, याचं उत्तर आपण जाहीरपणे द्यावं. आकडे तपासून द्यायचं आणि नमुन्याचे तक्ते भरून द्यायचं काम आम्ही विनामोबदला करू.

आपले,
लढायांच्या इतिहासाचे काही शिक्षक आणि अभ्यासक